जिना कुणाच्या जागेत?

तोंडावर तिला सगळे मावशी म्हणत, पाठ वळली की कशालाबाई. एकतीस वर्षं ती इस्त्रीचं काम करत होती आणि एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना प्रश्न विचारत होती. कुणी शर्ट टेबलावर टाकून "उद्या सकाळीच हवा" म्हणालं की ती मान वर न करता विचारायची, "कशाला?" नोकरीच्या मुलाखतीला जायचं असेल तर कॉलर दोनदा दाबून द्यायची. नुसतंच मिरवायचं असेल तर "संध्याकाळी या" म्हणून शर्ट ढिगाच्या तळाशी. लोक चिडायचे, पण दुसरीकडे जायचे नाहीत, कारण तिच्या हातची घडी दोन दिवस मोडत नसे.

ही प्रश्नांची खोड तिला जन्मापासूनची नव्हती. एका कागदानं ती लावली.

सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा आजारपणात गेला. महिनाही उलटला नव्हता आणि धाकटा दीर कागद घेऊन दारात उभा राहिला. "वहिनी, पाण्याचं कनेक्शन दादाच्या नावावर आहे, ते बदलावं लागेल. इथं सही करा. आणि इथं." ती तेव्हा लेकीला भरवत होती. डाव्या हातानं पोरीला सावरत तिनं उजव्या हातानं दोन सह्या केल्या. आठ महिन्यांनी कळलं, त्या कागदात पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता. घरातला नवऱ्याचा हिस्सा तिनं 'राजीखुशीनं' सोडला होता. तो शब्द तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला तो घर रिकामं करताना, आणि त्यानंतर ती कुठल्याही गोष्टीला पटकन राजी झाली नाही.

चौथीपर्यंत शिकलेली बाई ती. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांभोवती गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं, औषधांच्या पुड्या, विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा. अकरा भाड्याच्या खोल्या बदलल्या, आणि अकराही वेळा घरमालकासमोर बसून भाडेपट्टा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका घरमालकानं वैतागून विचारलं होतं, "मावशी, खोली घेताय की परीक्षेला बसताय?" ती म्हणाली, "नापास झाले तर सामान रस्त्यावर माझंच येणार आहे ना?"

लेक मोठी झाली, परिचारिका झाली, मोठ्या रुग्णालयात कायम झाली. मग एक दिवस अकराव्या घरमालकिणीनं तीन महिन्यांत खोली रिकामी करायला सांगितलं. लेकीनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, बारावी खोली नको. आता घर घेऊ."

ती सत्तावन्न वर्षांची होती. 'घर घेऊ' हे दोन शब्द ऐकून तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. लेकीला वाटलं, आई रडणार. आई म्हणाली, "कुणाचं?"

*

घर एका निवृत्त पोस्टमास्तरांचं होतं. अरुंद गल्लीत, खाली कुलूपवाल्याचं दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. वर जायला बाहेरून लोखंडी जिना, एकोणीस पायऱ्या. पोस्टमास्तर गुडघ्यांनी बेजार झाले होते. मुलाकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होते. दोन्ही खोल्यांना उजेड चांगला, आणि खिडकीखाली इस्त्रीचं टेबल बरोबर बसेल एवढी जागा. लेकीला घर पाहताक्षणी आवडलं. तिलाही आवडलं होतं, पण तिनं तोंडावर दाखवलं नाही.

व्यवहार जुळवणारा दलाल गुळगुळीत माणूस होता. सतत दोन फोन वाजत, आणि दोन्हीवर तो "झालंच समजा" म्हणत असे. तिनं त्याला पहिल्याच भेटीत धरलं.

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"पोस्टमास्तरांच्या."

"एकट्यांच्या? भाऊ, बहीण, बायको?"

"एकट्यांच्या. वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलंय."

"ते पाहिलंत तुम्ही?"

"मावशी, वीस वर्षं मी हेच करतोय."

"मी वीस वर्षं नाही विचारलं. मृत्युपत्र पाहिलंत का, ते विचारलं."

दलालानं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याची प्रत आणली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा गुळगुळीतपणा थोडा कमी झाला होता. मग तिनं विचारलं, घरावर कर्ज आहे का; कर, वीज, पाणी कुठवर भरलंय; पंखे आणि कपाटं राहणार की जाणार; किल्ली सही झाल्यावर मिळणार की पैसे पोचल्यावर; आणि ठरल्यावर एखादा माघारी फिरला तर इसाराची रक्कम कुणाकडे राहणार. लेक शेजारी बसून जमिनीकडे बघत होती.

बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "आई, तू विचारपूस नाही करत, उलटतपासणी घेतेस."

"मग? उलट्या बाजूनंच शिवण दिसते."

*

खरं घोडं अडलं ते मसुद्यापाशी. खरेदीखताचा मसुदा तयार झाला म्हणून दलालानं सगळ्यांना एका वकिलाच्या कचेरीत बोलावलं. लांबट खोली, भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे, वर करकरणारा पंखा. एका बाजूला पोस्टमास्तर काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसलेले, समोर मायलेकी, मध्ये वकीलसाहेब. त्यांनी सव्वीस पानं तिच्यापुढे सरकवली आणि पेन वर ठेवलं.

तिनं पेन बाजूला केलं. "वकीलसाहेब, एक विचारू? तुम्ही वकील कुणाचे? त्यांचे की माझे?"

दलालच बोलला. "दोघांचेही. तेवढाच खर्च वाचतो."

"एक इस्त्री एका वेळी दोन कपड्यांवर फिरत नाही," ती म्हणाली. "एक कपडा तरी चुरगळणारच."

वकीलसाहेब हसले. पण तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली, तेव्हा हसू गेलं. पाऊण तास झाला. पंखा करकरत होता. दलालानं तीनदा घड्याळ पाहिलं. नवव्या पानावर घराच्या चारी बाजूंचं वर्णन होतं: पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला कुणाची भिंत. ती थांबली. पुन्हा वाचलं. पान उलटून दहावं पाहिलं, पुन्हा नववं काढलं.

"यात जिना कुठंय?"

"काय?" वकीलसाहेबांनी चष्मा वर केला.

"दोन खोल्या लिहिल्यात. गच्ची लिहिलीय. संडास, मोरी, खिडक्यासुद्धा मोजून लिहिल्यात. वर चढायचा जिना लिहिलेला नाही."

तिलाच ते का दिसलं, याचं कारण सोपं होतं. एकतीस वर्षं कपड्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन ती दुसऱ्यांचे जिने चढत आली होती. कुठे रखवालदारानं 'मागच्या जिन्यानं जा' म्हणून परतवलं, कुठे 'आत्ता पुसलाय, थांबा' म्हणून पायरीवर उभं केलं. जिना हा कुणाच्या तरी मर्जीवर असतो, हे तिला पोटऱ्यांनी शिकवलं होतं.

वकीलसाहेबांनी जुनी कागदपत्रं चाळली. मग जरा घसा खाकरून म्हणाले, "जिना खालच्या मालकाच्या जागेत उभा आहे. म्हणून तो या मिळकतीत येत नाही. पण वापर चालू आहे ना, इतकी वर्षं."

"कुणाच्या परवानगीनं?"

आता पोस्टमास्तर बोलले. त्यांना लागलं होतं. "माझे वडील आणि कुलूपवाल्याचे वडील जिवाभावाचे मित्र. शब्दावर उभा राहिलाय तो जिना. चव्वेचाळीस वर्षांत कुणी अडवलं नाही. तुमचा माझ्या शब्दावर विश्वास नाही का, बाई?"

"तुमच्या शब्दावर आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण तुम्ही मुलाकडे निघालात. तुमचा शब्द तुमच्याबरोबर जाणार. मी इथं राहणार. मला इथं राहणारा शब्द हवाय, आणि तो कागदावरच राहतो."

दलालानं शेवटचं अस्त्र काढलं. "मावशी, स्पष्टच सांगतो. आज सही नाही झाली तर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"त्यालाही विचारायला सांगा, जिना कुणाचा ते," असं म्हणून तिनं पानं नीट एकावर एक लावली, वकीलसाहेबांकडे सरकवली आणि उठली.

*

घरी लेक फुटली. "बँकेच्या वकिलानं सगळं तपासलंय, आई! बँक कर्ज देतेय म्हणजे घर चोख असणारच."

"बँकेनं बँकेचं बघितलं. बँकेला जिना चढायचा नाही."

"पाच आठवड्यांत ही खोली सोडायचीय. रात्रपाळी करून मी घरं बघत फिरतेय. तुला घर नकोच आहे, असं सांग ना एकदा."

हे मात्र तिला बसलं. तिनं लेकीला कधीच पूर्ण सांगितलं नव्हतं. 'काकांनी घर घेतलं' एवढंच लेकीला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिनं त्या दोन सह्यांची गोष्ट सांगितली: डाव्या हातात पोर, उजव्या हातात पेन. "मला कुणी फसवलं म्हणून मी घराबाहेर नाही पडले," ती म्हणाली. "मी विचारलं नाही म्हणून पडले. आता लोक म्हातारी खडूस म्हणोत, दलाल पळो, बारावी खोली घ्यावी लागो. न वाचलेल्या कागदाखाली माझं नाव जाणार नाही. आणि तुझंही जाऊ देणार नाही."

लेक म्हणाली, "मग आपला वकील शोध."

शोधायला लांब जावं लागलं नाही. गेली सहा वर्षं ती एका वकीलबाईंचे काळे कोट इस्त्री करत होती. त्या तुटक बोलणाऱ्या आणि कायम घाईत असत. दुसऱ्या दिवशी कोट न्यायला आल्या तेव्हा तिनं कोट दिलाच नाही, आधी सगळी हकीगत सांगितली. वकीलबाई दारात उभ्या राहूनच ऐकत होत्या. जिन्याचं आलं तेव्हा आत येऊन बसल्या.

"फी घेईन," त्या म्हणाल्या. "फुकटच्या कामात मी आळशी होते."

"घ्या. मीही फुकट इस्त्री करत नाही."

वकीलबाईंनी नोंदणी कार्यालयात जाऊन जुनी दप्तरं काढवली, मागच्या मालकांची साखळी तपासली. मालकी स्वच्छ होती, बोजा नव्हता, मृत्युपत्रही खरं होतं. जिना मात्र खरोखरच कुठे नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, "एखादी वाट कुणाला न विचारता, हक्कानं, वर्षानुवर्षं वापरली तर पुढे तो हक्क होऊ शकतो. पण परवानगी घेऊन वापरलेली वाट कितीही वर्षं वापरा, परवानगीच राहते. दिली तशी काढून घेता येते."

"आणि कोर्टात गेलं तर?"

"कदाचित जिंकाल. पण निकाल लागेपर्यंत वर कशानं चढाल?"

म्हणजे उपाय एकच उरला. कुलूपवाल्यानं लिहून द्यायला हवं होतं. दलाल त्याच्याकडे एकदा जाऊन आला होता आणि शिव्या खाऊन परतला होता. पोस्टमास्तर जायला तयार नव्हते. मित्राच्या मुलाकडे कागद मागणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. ती म्हणाली, "मी जाते."

*

कुलूपवाला तिच्याच वयाचा, जाडजूड, कानावर पेन्सिल. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाइकानं फुटपाथवरच उभं राहायचं. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या. ती आली तेव्हा तो कानशीनं एक किल्ली घासत होता आणि त्यानं ते थांबवलं नाही.

"जिन्याचं असेल तर आल्या पावली परत जा, बाई. मी कुणाला काही लिहून देत नाही. लिहून देणाऱ्याचंच घर बुडतं."

"खरंय," ती म्हणाली. "माझं बुडालंय."

कानस थांबली. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. तो पुन्हा घासायला लागला. "मी काही जिना उपटून टाकणार नाहीये. चढा खुशाल."

"तुम्ही नाही उपटणार. पण उद्या तुम्ही दुकान विकलंत तर? घेणारा म्हणाला, इथं मला शटर बसवायचंय, तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा मी साठीच्या पुढची असेन, आणि दोरीनं चढणार नाही."

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यानं मान हलवली. "नाही म्हणजे नाही. फुकटात हक्क मागताय तुम्ही."

ती विनवण्या करायला आलीच नव्हती. तीनदा येऊन तिनं ते घर गच्चीपासून पायथ्यापर्यंत पाहिलं होतं. तिनं वर बोट केलं. "गच्चीवरची काळी टाकी कुणाची?"

"माझी. का?"

"नळ खाली आलाय तो तुमच्या दुकानात आणि मागे तुमच्या घरात. गच्ची कुणाची?"

कुलूपवाल्याची कानस मंदावली.

"गच्ची खरेदीखतात आहे. दहाव्या पानावर. मी घेतली तर माझी, दुसऱ्यानं घेतली तर त्याची. टाकीचा मात्र कुठंच उल्लेख नाही. तीही शब्दावरच उभी आहे ना, तुमच्या वडिलांच्या आणि पोस्टमास्तरांच्या वडिलांच्या?" तिनं बोट खाली घेतलं. "मी नाही काढणार तुमची टाकी. पण दुसरा कुणी आला, म्हणाला इथं मला खोली चढवायचीय, तर?"

त्यानं कानस खाली ठेवली. पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा लावली. "धमकी देताय?"

"नाही. तुम्ही मला जे सांगितलंत तेच तुम्हाला सांगतेय. तुमचा जिना, माझी गच्ची. माझा पाय तुमच्या जागेत, तुमचं पाणी माझ्या डोक्यावर. दोघांचंही बोलाचंच चाललंय. एकाच कागदावर दोन्ही लिहू. मी जिना वापरणार, तुम्ही टाकी ठेवणार, आणि जो कुणी पुढे विकत घेईल त्यालाही ते बांधील. जिन्याचा रंग आणि दुरुस्ती अर्धी-अर्धी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी घर घेत नाही. उद्याच दलालाला कळवते. मग वर कोण येतो ते तुम्ही बघा."

तो बराच वेळ वर बघत राहिला, जणू चव्वेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदाच आपल्याच टाकीचं वजन त्याला कळत होतं. मग म्हणाला, "कागद मला आधी वाचायला मिळेल?"

"न वाचता सही करायला लागलात तर मीच हात धरीन."

*

कागद व्हायला अठरा दिवस गेले. कुलूपवाल्यानं मसुदा दोनदा परत पाठवला. एकदा टाकीची जागा फुटांत लिहा म्हणून, एकदा स्वतःचं नाव चुकलं म्हणून. वकीलबाई त्रासल्या. तिला मात्र तो माणूस आवडायला लागला होता. तेवढ्यात दलालानं खरोखरच दुसरं गिऱ्हाईक आणलं, पण पोस्टमास्तरांनीच त्याला दारातून परत पाठवलं. लेकीला त्यांनी सांगितलं, "तुझ्या आईवर रागावलो होतो मी. मग दोन रात्री विचार केला. मुलाकडे जातोय, पण तिथलं घर कुणाच्या नावावर आहे, मी कधी विचारलंच नाही." विचारलं की नाही, ते त्यांनी पुढे सांगितलं नाही, आणि लेकीनंही विचारलं नाही.

अकराव्या घरमालकिणीनं एक दिवससुद्धा वाढवून दिला नाही. मायलेकी बारा दिवस लेकीच्या मैत्रिणीच्या बाहेरच्या खोलीत राहिल्या. सामान खोक्यांत, इस्त्री पलंगाखाली. त्या बारा दिवसांत लेक एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही.

नोंदणी कार्यालयात गर्दी होती. लाकडी बाकं, काचेमागे कारकून. त्यानं तिच्याकडे एक नजर टाकली आणि शाईचा डबा पुढे केला. "अंगठा."

"अंगठाही देते, तुमचा नियम असेल तर. पण आधी सही."

"लवकर करा, मागे रांग आहे."

तिनं मागे वळून रांगेकडे पाहिलं. वीसेक माणसं होती. "त्यांनाही घरं घ्यायचीत," ती म्हणाली. "त्यांना कळेल." आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. हे तेच पान आहे ना, मधलं एखादं बदललेलं नाही ना, ते तिला पाहायचं होतं. रांगेत कुणीतरी कुरकुरलं. मागून कुलूपवाल्याचा आवाज आला, "वाचू द्या हो बाईंना." सगळी पानं होईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मग तिनं सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, कुठेही न चिकटणारं. जिन्याच्या कागदावरही, टाकीच्या ओळीखालीही.

*

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. खिडकीखालच्या टेबलावर इस्त्री चालू असते. लेकीची बदली झाली, ती दोन महिन्यांतून एकदा येते. लोक अजूनही कपडे घेऊन येतात, पण बरेच जण कपड्यांबरोबर कागदही आणतात. मसुदा, करार, कुणाच्या आईचं मृत्युपत्र. ती त्यांना स्पष्ट सांगते, "मी वकील नाही. वकिलाकडेच जा, आणि ज्याच्याकडे समोरचाही गेलाय त्याच्याकडे जाऊ नका." पण तरी ती वाचते, बोट ठेवून, आणि दोन-तीन प्रश्न काढून देतेच. ज्या दिवशी कुणाचा व्यवहार असेल त्या दिवशी त्याचा शर्ट ढिगाच्या तळाशी जात नाही.

मागच्या महिन्यात कुलूपवाल्यानं दुकान विकायला काढलं. नवीन खरेदीदार तरतरीत, हातात चामडी पिशवी. जिना चढून वर आला, दारात उभा राहिला. "मावशी, फक्त ना-हरकत आहे. जिना जरा बाजूला सरकवायचाय, तुमची काही अडचण नाही एवढंच लिहिलंय. दोनच पानं. मी थांबतो, तुम्ही सही करा."

"दोनच?" तिनं पानं घेतली, टेबलाच्या कडेला ठेवली, वर एक घडी केलेली चादर ठेवली. "मग आठवड्यानं या."

"आठवडा? मावशी, वाचायला पाच मिनिटं लागतील."

"वाचायला पाच मिनिटं लागतील," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट पसरला. "विचारायला आठवडा लागेल."

तिनं बाहीवर पाणी शिंपडलं, इस्त्री ठेवली, वाफ निघाली. मग लोखंडी पायऱ्यांवरून त्याचे बूट खाली जाताना ऐकू आले, एकेक करत, सावकाश.